कापलेली तार आणि ओलं फडकं

या, बसा. पण जरा लांबच बसा. मी एक ऑसिलोस्कोप बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. जड पत्र्याचा डबा, पुढे गोल काच, काचेवर हिरवी रेघ आणि खाली बटणांची रांग, एवढाच मी. वीज डोळ्यांना दिसत नाही, ती मी काढून दाखवतो. सरळ असेल तर रेघ सरळ, खाली-वर होत असेल तर लाटा. डॉक्टर छातीचा आलेख काढतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त माझे पेशंट म्हणजे रेडिओ, टीव्ही आणि टेलिफोन.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझी रेघ खोटं बोलत नाही. पण खरं बोलणाऱ्याचं लोक ऐकतातच असं नाही, आणि त्यापायी एका घरात एका बाईचा जीव जाता जाता राहिला. तीच ही हकीकत.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. समोरासमोर बसून बायका तारा जोडत असत. त्यांतली एक माझ्या पाठीशी हिरवी तार पक्की करायची आणि प्रत्येक वेळी हिसका देऊन बघायची. "ही सुटली तर बाकीचं सगळं धड असून काय कामाचं?" असं ती शेजारणीला म्हणायची. ही अर्थिंगची तार. माझ्या पत्र्यापासून निघून ती प्लगच्या जाड पिनेत जाते आणि तिथून भिंतीतल्या तारेनं थेट जमिनीत. कधी चुकून वीज माझ्या पत्र्यावर आलीच, तर तिला या वाटेनं जमिनीत पोचवायचं, माणसाच्या अंगातून जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

पहिली बरीच वर्षं मी एका प्रयोगशाळेत काढली. तिथं माझा थाट काही विचारू नका. अंगावर शिवून घेतलेलं आवरण, हात लावायचा तर विचारून. मग हलकी, नवी यंत्रं आली आणि एके दिवशी मला कोपऱ्यात सरकवण्यात आलं. तिथून मी एका टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या दुकानात आलो.

माणूस कामाचा होता, हाताला गुण होता. पण घाईचा. त्या काळचे काही टीव्ही असे असत की त्यांच्या आतल्या पत्र्यावरच वीज खेळायची. माझ्यापासून दोन चिमटे निघतात, एक लाल, एक काळा. लाल मोजतो, काळा माझ्या पत्र्याला आणि पत्र्यातून जमिनीला जोडलेला. तो काळा चिमटा टीव्हीला लावला की फाट्कन आवाज, आणि दुकानातले दिवे गुल. असं वारंवार झाल्यावर तो वैतागला. एका दुपारी त्यानं माझी पाठ उघडली, हिरवी तार आतल्या आत कापली, टोकावर काळी रबरी नळी सरकवली आणि म्हणाला, "तात्पुरतं."

तात्पुरतं या शब्दाइतका टिकाऊ शब्द मी दुसरा पाहिला नाही.

आता दिवे जाईनात, काम झरझर होऊ लागलं. पण टीव्ही तपासताना माझ्या अंगावर वीज असायची, आणि हे त्याला ठाऊक होतं. तो लाकडी फळीवर उभा राहायचा, एक हात कायम खिशात ठेवायचा. दोन्ही हात कामात असले की वीज एका हातानं शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडते. एक हात खिशात असला की ती वाट बंद. या धंद्यातले जुने लोक सगळे असेच उभे राहतात, पाहणाऱ्याला वाटतं ऐटीत उभे आहेत. पुढं तो म्हातारा झाला, दुकान बंद पडलं, आणि एक दिवस तोही गेला. त्याच्या डोक्यातली खबरदारी त्याच्याबरोबर गेली. कापलेली तार माझ्या पोटात राहिली.

बंद दुकानात ओल होती. वीज माझ्या अंगात शिरते त्या ठिकाणी, ट्रान्सफॉर्मरच्या मागं, एक कागदी कपॅसिटर आहे, वीज गाळून घेणारी छोटी नळी. त्यानं ती ओल प्यायली आणि आतून तो फुटला. म्हणजे आता कुणी मला प्लगला जोडलं, तर वीज झिरपत माझ्या पत्र्यावर येणार होती, आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. मला हे कळत होतं, पण सांगणार कसं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी जगाचं मोजतो, माझं कोण मोजणार?

अशा अवस्थेत भंगारवाल्याच्या ढिगात मला एका बाईंनी पाहिलं आणि लहान मूल सापडावं तसा जीव टाकला. रिक्षात मांडीवर घेऊन आल्या मला. मी काही हलका नाही.

या घरात दोघीच राहतात, नणंद आणि भावजय. दोघींचे केस पांढरे, दोघींचे गुडघे कुरकुरणारे. भावजय नणंदेला 'वन्सं' म्हणते आणि नणंद भावजयीला 'वहिनी'. मीही तेच म्हणतो. वहिनींचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, गेल्यावर वन्सं नोकरीच्या गावाहून इथं राहायला आल्या. जन्मभर त्यांनी टेलिफोनच्या कचेरीत यंत्रं तपासण्याचं काम केलं. निवृत्त झाल्या, पण हात स्वस्थ बसेनात. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत खिडकीजवळ त्यांनी टेबल मांडलं आणि माझ्यासारखी टाकून दिलेली यंत्रं आणून जिवंत करायला लागल्या.

त्याच खोलीत, टेबलाला अगदी चिकटून, भांडी घासायचं स्टीलचं बेसिन आहे. ते वहिनींचं राज्य. त्यामुळं सरहद्दीवर रोजच्या चकमकी.

"वहिनी, हात लावू नको!"

"मी कुठं लावतेय? धूळ बघा किती साचलीय."

"त्या धुळीत माझा एक स्क्रू आहे. हात लावू नको!"

स्क्रूला हात लावू नको, तारेला लावू नको, रिकाम्या डबीलाही लावू नको. दिवसातून इतक्यांदा हे वाक्य त्या खोलीत घुमायचं, की वहिनींनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं. "तुमचं आपलं लांडगा आला रे आला," असं म्हणत त्या आपलं फडकं फिरवायच्या. मला तेव्हा गंमत वाटायची. पुढं वाटेनाशी झाली.

वन्संनी माझी दुरुस्ती मन लावून केली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तशी माझ्यातही निघाली. गंजलेली बटणं, तडकलेले सांधे, फुगलेले कपॅसिटर. सगळं त्यांनी एकेक करून बदललं. तो ट्रान्सफॉर्मरमागचा मात्र नजरेआड होता, तो तसाच राहिला. मला त्यांनी थेट विजेवर जोडलं नाही. वाटेत एक साधा बल्ब घातला. आत काही जळत असेल तर बल्ब भडकतो आणि यंत्र वाचतं. बल्ब मंदच राहिला. माझ्यातली गळती माणूस मारायला पुरेशी होती, बल्ब पेटवायला नव्हती. आणि घराच्या जुन्या बोर्डात अशी गळती ओळखून बंद पडणारं नवं बटणही नव्हतं.

मग त्यांनी अर्थिंग तपासलं. नाही तपासलं असं म्हणायची सोय नाही! पण चूक झाली ती इथंच, आणि ही चूक फक्त जाणकारच करू शकतो. शेजारी दुसरं एक यंत्र होतं, मला नमुन्याच्या लाटा पुरवणारं. माझे दोन्ही चिमटे त्याला लावलेले होते. त्याचं अर्थिंग ठणठणीत. अर्थिंग खरं तर प्लग काढून, प्लगच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत तपासायचं असतं. पण प्लग टेबलाखाली, आणि वन्संचा गुडघा त्या दिवशी फारच धरलेला. त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं, मीटरची एक सुई बोर्डाच्या रिकाम्या सॉकेटमधल्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घातली आणि दुसरी माझ्या पत्र्यावर टेकवली. मीटर टूं करून वाजला, म्हणजे वाट सलग आहे.

"छान," वन्सं म्हणाल्या.

छान कसलं! वीज माझ्या तारेतून गेलीच नव्हती. ती शेजाऱ्याच्या तारेतून फिरून, काळ्या चिमट्यानं माझ्याकडं आली होती. मी त्याच्या जिवावर सुरक्षित होतो. तो काळा चिमटा जोवर लावलेला, तोवर सगळं ठीक. तो निघाला की माझ्या अंगाला हात लावणारा संपला. हे मी जाणून होतो आणि काचेवर सुंदर, गोल लाटा काढत बसलो होतो. माझा जीव टांगणीला लागला होता आणि वन्सं खूश होत्या.

ती सकाळ मला विसरता येत नाही. वन्संनी मला चालू केलं, लाटा पाहिल्या, समाधानानं मान हलवली. आता शेजाऱ्याचं काम संपलं होतं. डावा हात पाठीमागं ठेवून त्यांनी उजव्या हातानं आधी लाल चिमटा काढला, मग काळा.

काळ्या चिमट्याचं प्लास्टिक झिजलेलं होतं. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. पायात जाड रबरी चपला होत्या, एक हात पाठीशी होता, म्हणून नुसत्या मुंग्या. मला वाटलं, सुटलो! आता यांना कळणार! पण वन्संनी हात झटकला, मान डावी-उजवीकडं वळवली आणि पुटपुटल्या, "मणक्यांचं परत सुरू झालं." मानेच्या दुखण्यानं त्यांच्या बोटांना एरवीही मुंग्या यायच्या ना.

दोन्ही चिमटे त्यांनी खिडकीच्या खिळ्याला अडकवले. मला तासभर चालू ठेवून रेघ हलते का ते पाहायचं, असा त्यांचा बेत. एवढ्यात बाहेरच्या बोळकांडीत फोन वाजला. जुन्या कचेरीतली मैत्रीण. म्हणजे आता दोघींचे मणके, दोघींचे डॉक्टर आणि नंतर सगळी कचेरी.

त्या गेल्या आणि खिळ्यावरची तार घसरली. लाल चिमटा बेसिनच्या काठावर पडला. काळा खाली हवेत लोंबकळत राहिला.

उलटं झालं असतं तर! काळा बेसिनला टेकला असता, तर माझी वीज नळातून जमिनीत गेली असती आणि मी पुन्हा निरुपद्रवी झालो असतो. पण लाल टेकला. लाल मोजतो. एकीकडं जमीन आणि दुसरीकडं माझा पत्रा, या दोहोंत किती वीज आहे ते आयुष्यात पहिल्यांदा मी मोजलं. मी मलाच मोजलं. काचेवरची सरळ रेघ फुगली, उसळली आणि वर-खाली दोन्हीकडून काचेबाहेर गेली. माझ्या अंगातलं सगळं विष मी माझ्या तोंडावर काढून दाखवलं. बघायला खोलीत कुणी नव्हतं.

मग वहिनी आल्या. हातात ओलं फडकं, पाय अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली.

त्यांनी बेसिन पुसलं, नळ पुसला. मग डावा हात बेसिनच्या काठावर टेकवला, कारण गुडघा, आणि उजव्या हातानं टेबल पुसायला घेतलं. कडेकडेनं, माझ्या दिशेनं. मी काय करणार होतो? ओरडता येत नाही, सरकता येत नाही. रेघ काढता येते, ती मी काढत होतो. वहिनींनी ती पाहिली.

"अगंबाई! वन्सं, तुमचा डबा नाचायला लागला हो!"

बोळकांडीतून वन्सं म्हणाल्या, "नाचू दे. वायर लोंबतेय म्हणून तसं दिसतं." आणि फोनवर, "हं, तर काय म्हणाला डॉक्टर?"

खरं होतं. मोकळी वायर लोंबत असली की हवेतूनच थोडी लहर येते. पण थोडी! वहिनींचं फडकं माझ्या शेजारच्या डबीपर्यंत पोचलं. डबी उचलून त्यांनी तिच्याखालची धूळ पुसली. फडक्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

"लोंबत नाहीये काही. बेसिनवर पडलीय."

फोनवरचं बोलणं थांबलं.

"कुठली? लाल का काळी?"

"लाल. उचलून ठेवू का?"

"रेघ केवढी आहे?"

"रेघ कसली, भिंतच झालीय हिरवी. काचेत मावत नाहीये."

मग बोळकांडीतून जी किंकाळी आली, तशी मी प्रयोगशाळेत ऐकली नाही आणि दुकानातही ऐकली नाही. "वहिनी, हात लावू नको!"

तेच वाक्य. शब्दन् शब्द तेच, स्क्रूसाठी वापरलेलं, रिकाम्या डबीसाठी वापरलेलं. वहिनी हसल्या. "लावत नाही हो तुमच्या लाडक्याला. वरची धूळ तेवढी—" आणि फडक्याचा हात त्यांनी माझ्याकडं उचलला. डावा हात बेसिनवरच होता.

वन्संना धावता येत नाही. धावल्या असत्या तरी पोचल्या नसत्या. फोन होता त्याच भिंतीवर घराचा विजेचा बोर्ड होता. त्यांनी फोन टाकला आणि मुख्य बटण खाली ओढलं.

हिरवी भिंत कोसळली. काचेच्या मध्यावर एक ठिपका उरला, तोही विझत गेला. स्वयंपाकघरातला पंखा घरघरत थांबला. आणि ओलं, गार फडकं माझ्या डोक्यावर टेकलं. माझ्या पत्र्यावर आता काहीही नव्हतं.

"घ्या, लाईट गेली," वहिनी म्हणाल्या आणि मला पुसत राहिल्या.

वन्सं दारात आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या आणि मग तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. तोंडाला रंग म्हणून नव्हता.

"चक्कर आली का? पाणी आणू?"

"वहिनी, आज मी तुला मारलं असतं."

वहिनींना आधी समजलंच नाही. वन्संनी तुटक तुटक सांगितलं. मुंग्या, चिमटा, डबा, बेसिनवरचा हात. वहिनींनी फडक्याकडं पाहिलं, मग आपल्या दुसऱ्या हाताकडं. त्याही गुडघा धरून खाली, वन्संच्या शेजारी बसल्या.

"मारलं नाहीत ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

वन्संनी माझी पाठ उघडली ती दुपारी. रबरी नळी सरकवली आणि खाली कापलेलं टोक दिसलं. वन्संनी कापणाऱ्याला एक शिवी दिली, मग स्वतःला दोन. नवी तार घातली, पत्रा घासून चकचकीत करून दातेरी वायसर लावून स्क्रू आवळला. फुटका कपॅसिटर शोधून उपटून टाकला. मग मला चादरीनं झाकलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि येणं बंद केलं.

चादरीखाली मी धडधाकट होतो आणि मेल्यासारखा होतो. भिंतीपलीकडून वन्संचा आवाज यायचा. "सगळं देऊन टाकते. नजर राहिली नाही माझी. भावाच्या घरात येऊन त्याच्याच बायकोला..." पुढचं त्यांना बोलवत नसे. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा. ज्या बाईनं मला मांडीवर आणलं, तिनं माझ्यापायी हत्यारांना हात लावणं सोडलं होतं.

एका सकाळी चादर ओढली गेली. वहिनी होत्या.

"वन्सं, इकडं या."

"काय झालं? हात—" वन्सं दारातच थबकल्या. ते वाक्य आता त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

"याला चालू करा."

"नको."

"दुरुस्त झालाय का नाही?"

"झालाय. पण माझं काय सांगता येतं? मागच्या वेळीही मी छानच म्हटलं होतं."

वहिनींनी पदरानं दोन्ही हात कोरडे केले आणि उजवा तळहात माझ्या पत्र्यावर ठेवला. "मी हात ठेवून उभी राहते. तुम्ही बटण दाबा."

"वहिनी, वेडी आहेस का? काढ तो हात!"

"तुमची नजर राहिली नाही असं तुम्ही म्हणता, मी नाही म्हणत. मला या घरात तुमची ती खुडबुड ऐकू यायला हवी. ती थांबल्यापासून घर खायला उठतंय."

वन्सं आत आल्या, वहिनींचा हात धरून बाजूला केला आणि टेबलाखाली वाकल्या. गुडघा कडकन वाजला. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढला. सगळे चिमटे सुटे केले, शेजारच्या यंत्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. फरशीवर बसून मीटरची एक सुई प्लगच्या जाड पिनेला लावली, दुसरी माझ्या पत्र्याला. टूं. तार हलवली, ओढली, परत लावली. टूं. मग प्लग जोडला, बटण दाबलं आणि माझ्या पत्र्यापासून नळापर्यंत वीज मोजली. काही नव्हतं. तरी त्यांनी वहिनींना दारापाशी उभं केलं, डावा हात पाठीशी नेला आणि उजव्या हाताची उलटी बाजू माझ्या अंगाला लावली. मी श्वास घेत असतो तर तेव्हा रोखला असता.

काही झालं नाही. त्यांनी हात सुलटा केला आणि पूर्ण तळवा टेकला. त्या रडत होत्या.

"ये," त्या वहिनींना म्हणाल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या घरातही कुणी कधी तात्पुरती म्हणून एखादी तार काढून ठेवली असेल. काढणाऱ्याला ती आठवत असते, पण तो काही जन्माला पुरत नाही. आजच उठा, वाका, प्लग बाहेर काढा आणि बघा. गुडघा दुखला तर दुखू दे.

वहिनी आल्या आणि त्यांनी वन्संच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. दोघी माझ्या काचेकडं बघत होत्या. मी रेघ काढली, अगदी सरळ, आणि जमेल तेवढी स्थिर धरून ठेवली.